आप्त नाविक आणि उसने पुष्पक : राज्यनेत्यांच्या विमानप्रवासाचा हिशेब

२६ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी पंतप्रधानांचे विमान बंगळूरच्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या विमानतळावर उतरले. दक्षिण आफ्रिका व ग्रीस या दोन देशांचा दौरा आटोपून ते दिल्लीस न जाता अथेन्सहून थेट येथे आले होते. चांद्रयान-३ चंद्राच्या भूमीवर टेकून तीन दिवस झाले होते, आणि ते ज्यांनी घडविले त्या शास्त्रज्ञांची भेट घ्यावयाची होती. या धावपट्टीवरून सामान्य उतारूंची नियमित ये-जा मे २००८ मध्ये थांबली. आता येथे उतरतात ती लष्कराची, कारखान्याची, आणि अशी विशेष विमाने. हा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने उभारला, हे बंगळूरातील मराठी माणसास मुद्दाम सांगावे लागत नाही. सांगावयास मात्र त्यास आवडते.

अशा प्रवासाची वार्ता आली की दोन प्रश्न हटकून विचारले जातात. या विमानावर खर्च किती होतो, हा पहिला. आणि हे विमान भरवशाचे आहे काय, हा दुसरा. पहिला विरोधी पक्ष विचारतात, दुसरा सुरक्षाधिकारी. आणि दोघांची उत्तरे निरनिराळ्या दप्तरांत पडून राहतात. प्रस्तुत लेखकास असे वाटते की हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत. राज्यनेत्याच्या विमानावर जे द्रव्य खर्ची पडते, त्यातील फार थोडे उड्डाणाचे असते. बाकीचे सारे भरवशाचे मोल असते. हा भरवसा म्हणजे काय, तो कोणावर ठेवावयाचा, आणि त्याची किंमत कोणाच्या खातेवहीत मांडावयाची, एवढेच येथे पाहावयाचे आहे. विषय साहित्याच्या अभ्यासकास परका वाटेल. पण त्याचा आरंभ एका ग्रंथापासून होतो, आणि तो ग्रंथही बंगळूरपासून फार दूर सापडलेला नाही.

म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत आर. शामशास्त्री यांच्या हाती आलेले कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्याच्या पहिल्या अधिकरणाच्या शेवटी 'आत्मरक्षितक' नावाचे प्रकरण आहे. राजाने आपले रक्षण कसे करावे, हा त्याचा विषय. त्यात प्रवासाविषयी जे सांगितले आहे त्याचा मथितार्थ असा : वंशपरंपरेने सेवेत असलेल्या माणसांच्या ताब्यातील वाहनावरच राजाने आरूढ व्हावे, नावेत बसावयाचे तर तिच्यावर आप्त नाविक असावा, दुसऱ्या नावेस बांधलेल्या किंवा वाऱ्याच्या वेगाच्या स्वाधीन झालेल्या नावेत त्याने पाऊल ठेवू नये. लाकूड कोणते वापरावे, डोलकाठी किती उंच असावी, यांबद्दल या प्रकरणात अवाक्षर नाही. नावेची पारख नाविकावरून करावयाची, असाच जणू कौटिल्याचा रोख आहे.

'आप्त' हा शब्द येथे लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. मराठीत तो नातलगापुरता उरला. आप्तेष्ट म्हणजे सोयरेधायरे. न्यायशास्त्रात मात्र आप्त म्हणजे ज्याचे वचन प्रमाण मानावे असा मनुष्य. शब्दप्रमाण उभे राहते ते त्याच्या जोरावर. विमानाच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. उड्डाणापूर्वी तपासणी करणारा अभियंता कागदावर सही करतो, आणि त्या सहीवर विसंबून वैमानिक, उतारू आणि राष्ट्राध्यक्ष असे सारेच आत जाऊन बसतात. इंजिन उघडून पाहण्याचा अधिकार किंवा वकूब त्यांच्यापैकी कोणासही नसतो. विमानाची विश्वसनीयता आपण धातूचा गुण समजतो. पण प्रवाशापुरती ती एका साक्षीदाराच्या शब्दाची विश्वसनीयता असते.

आपल्या सरकारी विमानांची नावेही प्राचीन वाङ्मयातून आली आहेत. सोव्हिएत संघाने नेहरूंना भेट दिलेले इल्यूशिन-१४ हे विमान 'मेघदूत' झाले. (वाटेत नद्या, पर्वत व नगरे पाहत सावकाश जाण्याची शिफारस ज्या दूतास केली गेली, त्याचे नाव पंतप्रधानांच्या विमानास देणाऱ्या अधिकाऱ्याने ते काव्य वाचले होते की नाही, असा प्रश्न मनात येतो, वाचले असेल तर त्याच्या विनोदबुद्धीस दाद द्यावयास हवी.) पुढे 'पुष्पक' आले, आणि २००९ च्या सुमारास हवाई दलात दाखल झालेल्या तीन बोइंग ७३७ जातीच्या विमानांना 'राजदूत', 'राजहंस' व 'राजकमल' ही नावे मिळाली.

यांतील 'पुष्पक' हे नाव सर्वांत अर्थपूर्ण. रामायणातील पुष्पक रामाचे नव्हे. ते मुळात कुबेराचे. रावणाने ते हिरावून घेतले, बिभीषणाने लंकेहून परतण्यासाठी ते रामापुढे आणले, आणि अयोध्येच्या परिसरात पोचताच रामाने ते कुबेराकडे परत पाठविले. राज्यकर्त्याने कामापुरते वाहन घ्यावे आणि काम होताच ते धन्याच्या स्वाधीन करावे, असा हा व्यवहार. स्वतंत्र भारताने लांबच्या परदेशप्रवासासाठी कित्येक दशके हीच रीत पाळली. हवाई दलाची स्वतःची विमाने होती. पण महासागर ओलांडून जावयाचे तर एअर इंडियाचे विमान भाड्याने घ्यावयाचे. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली ही कंपनी सरकारचीच. म्हणजे कुबेरही घरचाच. पुढील काळात बोइंग ७४७-४०० जातीचे अवाढव्य विमान प्रवासी सेवेतून काही दिवस काढून घेतले जाई. आतील मांडणी बदलून त्यात निजण्याची व बैठकीची सोय केली जाई. दुसरे तसेच विमान राखीव म्हणून सज्ज ठेवले जाई. दौरा संपला की पलंग बाहेर, उतारूंची आसने पुन्हा आत.

या पद्धतीचा सर्वांत दारुण प्रसंग मात्र आपल्या नव्हे, दुसऱ्या देशाच्या नेत्यासाठी घेतलेल्या विमानावर ओढवला, आणि त्यात गुंतलेली दोन नावे मराठी आहेत. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. चीनच्या शिष्टमंडळास तेथे नेण्यासाठी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान भाड्याने घेण्यात आले. पंतप्रधान चौ एन-लाय त्या विमानाने जाणार असा समज होता. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार हे त्याचे मुख्य वैमानिक, म. च. दीक्षित सहवैमानिक, जे. सी. पाठक मार्गदर्शक, ग्लोरिया बेरी हवाईसुंदरी, आणि देखभालीचा अभियंता अनंत कर्णिक. कौटिल्याच्या कसोटीस उतरावेत असे हे आप्त नाविक होते.

११ एप्रिल रोजी विमान बँकॉकहून हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर आले. तास-सव्वा तास थांबून, इंधन घेऊन, दुपारी ते जकार्ताकडे निघाले. आत अकरा प्रवासी होते : चिनी व व्हिएतनामी प्रतिनिधी, काही पत्रकार, त्यांत एक पोलंडचा व एक ऑस्ट्रियाचा, आणि आठ कर्मचारी. चौ एन-लाय त्यात नव्हते. सुमारे पाच तासांनी, अठरा हजार फुटांवर असताना, उजव्या बाजूच्या चाकाच्या पोकळीत स्फोट झाला आणि पंखातील इंधनाच्या टाकीने पेट घेतला. जटार यांनी संकटसंदेश देऊन नातुना बेटांजवळचे आपले स्थान कळविले, आणि धुराने भरत चाललेल्या कक्षात बसून जळते विमान समुद्राकडे उतरविण्यास घेतले. कर्मचाऱ्यांनी प्रवाशांस तरंगण्याची जाकिटे वाटली व सुटकेची दारे उघडून ठेवली. विमान पाण्यावर आदळून फुटले. एकोणीसांपैकी सोळा गेले. दीक्षित, पाठक व कर्णिक हे तिघे वाचले. ते पोहत बेटाकडे गेले, कोळ्यांनी त्यांस आसरा दिला, आणि 'डॅम्पिअर' या ब्रिटिश युद्धनौकेने त्यांस परत आणले. जटार व ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर, आणि वाचलेल्या तिघांना हयातीत, अशोकचक्राचा सन्मान देण्यात आला. लष्कराबाहेरील व्यक्तींना तो तोवर मिळालेला नव्हता.

चौकशीत काय निघाले ते अधिक महत्त्वाचे. इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने मे १९५५ मध्ये जाहीर केले की विमान यंत्रदोषाने पडले नाही. ते कालबाँबने पाडले गेले. संशय काई ताकवरील विमानांची साफसफाई करणाऱ्या एका कामगारावर ठरला; पकड होण्याच्या आत तो विमानाने तैवानला पोचला होता. घातपाताची शक्यता आहे असे चीनने आदल्याच दिवशी पेकिंगमधील ब्रिटिश प्रतिनिधींस कळविले होते, आणि तो निरोप हाँगकाँगलाही गेला होता. नेहरूंनी तपासात भारताच्या वतीने ज्या अधिकाऱ्यास पाठविले ते रा. ना. काव, पुढे १९६८ मध्ये परदेशी गुप्तवार्तेच्या नव्या खात्याचे ते पहिले प्रमुख झाले.

येथे कौटिल्याचे सूत्र अपुरे पडते, असे म्हणणे भाग आहे. नाविक आप्त होता. धक्का परका होता. विमान जेवढा वेळ आकाशात असते तेवढा वेळ ते आपल्या माणसांच्या हाती असते. जमिनीवर टेकले की त्याचा ताबा इंधन भरणारे, झाडणारे, जेवण पोचविणारे, शिडी लावणारे अशा अनेक अनोळखी हातांत जातो. दुसऱ्या नावेस बांधलेल्या नावेत बसू नये हा कौटिल्याचा निषेध आजच्या भाषेत मांडावयाचा तर असा : परक्या विमानतळावर थांबणारे प्रत्येक विमान दुसऱ्याच्या व्यवस्थेस बांधलेले असते. कर्णिकांनी पुढे या विमानाच्याच नावाने इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. साक्षवाङ्मयाचा विचार करताना आपण बहुधा कैद्यांच्या व निर्वासितांच्या लेखनाकडे वळतो. यंत्राची खात्री देणाऱ्या, आणि ती खात्री आपल्या अपराधावाचून खोटी ठरलेल्या माणसाची ही साक्ष त्या विचारात क्वचितच येते. ती यावयास हवी, असे आमचे मत आहे.

उलट बाजूचे उदाहरण देशांतर्गत प्रवासातील आहे, पण ते टाळता येत नाही. ४ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री पंतप्रधान मोरारजी देसाई यांना घेऊन जाणारे हवाई दलाचे तुपोलेव-१२४, म्हणजे उपरोक्त 'पुष्पक', आसामात जोरहाटजवळ उतरताना कोसळले. येथे विमान सरकारचे, चालक लष्कराचे, भूमी स्वदेशाची. तरीही ते पडले. पुढच्या भागात बसलेले हवाई दलाचे पाचही अधिकारी मरण पावले; एके काळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले मोरारजीभाई जवळजवळ विनाइजा बाहेर आले. वाहन स्वतःच्या मालकीचे असले म्हणजे धोका संपतो असे नाही. तो पुढच्या आसनावर बसणाऱ्यांच्या वाट्यास अधिक येतो, इतकेच.

आता द्रव्याकडे वळू. मूळच्या जळगाव जिल्ह्यातील प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या. त्यांची कारकीर्द संपत आली असता, मार्च २०१२ मध्ये, माहितीच्या अधिकाराखाली मिळालेले आकडे प्रसिद्ध झाले : बारा परदेशदौरे, बावीस देश, खर्च सुमारे २०५ कोटी रुपये. गदारोळ झाला, आणि महाराष्ट्रातही बरेच काही बोलले गेले. त्या आकड्याची फोड मात्र फार थोड्यांनी पाहिली. २०५ पैकी सुमारे १६९ कोटी एअर इंडियाच्या विमानाचे होते. निवास, तेथील वाहने व अन्य व्यवस्था यांवर परराष्ट्र मंत्रालयाने केलेला खर्च सुमारे ३६ कोटींचा. म्हणजे ज्याला 'उधळपट्टी' म्हणून नावे ठेवली गेली त्यातील पाचापैकी चार हिस्से सरकारच्या एका खिशातून सरकारच्याच दुसऱ्या खिशात जावयाचे होते.

जावयाचे होते, वेळेवर जात होतेच असे नाही. अतिविशेष व्यक्तींच्या उड्डाणांपोटी सरकारी खात्यांकडून एअर इंडियास येणे असलेली रक्कम सप्टेंबर २०१८ मध्ये १,१४६ कोटींच्या वर होती. नोव्हेंबर २०१९ अखेरही ती ८२२ कोटी होती. एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने पाठपुरावा केला म्हणून हे आकडे बाहेर आले. कर्जाने वाकलेल्या त्या कंपनीच्या दृष्टीने याचा अर्थ उघड होता. मोठे विमान प्रवासी सेवेतून काढून द्यावयाचे, राखीव विमान उभे ठेवावयाचे, मूळ मांडणी मोडून पुन्हा जुळवावयाची, आणि मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे थांबावयाचे. रामाने पुष्पक परत पाठविले खरे. परंतु भाड्याविषयी वाल्मीकी मौन बाळगतात, आणि आमच्या मंत्रालयांनी त्यातील तेवढेच मौन उचलले.

डिसेंबर २०१८ मध्ये राज्यसभेत दिलेले एक उत्तर याहून बोलके आहे. जून २०१४ पासूनच्या साडेचार वर्षांत पंतप्रधानांच्या परदेशदौऱ्यांसंबंधी भाड्याच्या उड्डाणांवर ४२९.२५ कोटी आणि विमानांच्या देखभालीवर १,५८३.१८ कोटी रुपये खर्च झाले, असे त्यात म्हटले होते. देखभाल भाड्याच्या साडेतीनपटींहून अधिक. वर्तमानपत्रांनी दोन्हींची बेरीज केली आणि मथळा दिला. वजाबाकी कोणी केली नाही. उड्डाण हा घटनेचा खर्च असतो, देखभाल हा सज्जतेचा. विमान ज्या दिवशी उडत नाही त्या दिवशीही त्याचे सुटे भाग बदलावे लागतात, कर्मचारी ताजे ठेवावे लागतात, तपासणी करून सही घ्यावी लागते. कोणत्याही क्षणी निघता येईल, या एका वाक्याची ती किंमत आहे.

ही किंमत न मोजल्यास काय होते, हे पाहण्यासाठी श्रीमंत देशांकडेच बोट दाखविता येते. न्यूझीलंडचे पंतप्रधान जॉन की ऑक्टोबर २०१६ मध्ये भारतात यावयास निघाले, आणि त्यांच्या हवाई दलाचे बोइंग ७५७ ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे नादुरुस्त होऊन बसले. दुसरे विमान मागवावे लागले. मधल्या विलंबात मुंबईची भेट गळाली. त्याच देशाचे पंतप्रधान जून २०२३ मध्ये चीनला गेले तेव्हा मूळ विमान बिघडल्यास हाताशी असावे म्हणून दुसरे रिकामे विमान मनिलापर्यंत नेण्यात आले. जर्मनीच्या आंगेला मेर्केल नोव्हेंबर २०१८ मध्ये शिखर परिषदेस निघाल्या आणि कोलोनला परत उतरल्या. दुसऱ्या दिवशी माद्रिदहून नेहमीच्या प्रवासी विमानाने त्यांनी अर्जेंटिना गाठली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील परिषद संपल्यावर कॅनडाचे पंतप्रधान जुन्या एअरबसच्या दुरुस्तीसाठी सुमारे दोन दिवस ताटकळले. दोन्ही देशांचे संबंध तेव्हा इतके ताणलेले होते की यजमान व पाहुणे या दोघांसही हा मुक्काम नकोसा झाला असावा. काटकसरीची शेखी मिरविण्यासाठी जुनी विमाने चालविणाऱ्या सरकारांस हे प्रसंग मानहानीचे वाटतात. तसे ते आहेतही. पण कोणाचा जीव गेला नाही, हेही त्याच जमाखर्चात मांडले पाहिजे.

भारताने उसनवारीची रीत २०२० मध्ये सोडली. एअर इंडियासाठी घेतलेली दोन बोइंग ७७७-३००ईआर विमाने काही काळ उतारूंसाठी चालविल्यावर अमेरिकेत पाठवून त्यांत बदल करण्यात आले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती दिल्लीस परतली. क्षेपणास्त्रांपासून बचावाच्या दोन यंत्रसंचांच्या विक्रीस अमेरिकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये मंजुरी दिली होती. त्यांचाच अंदाज १९ कोटी डॉलरांचा. सगळे मिळून आठ हजार कोटी रुपयांच्या आसपासचा आकडा भाषणांतून फिरत राहिला. त्यात विमाने किती, बदल किती, याची फोड क्वचितच दिली गेली. ही विमाने हवाई दलाचे वैमानिक चालवितात. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, आणि घरचा कुबेर असा उरलाच नाही.

या बदलाचा एक लाभ निर्विवाद आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये पंतप्रधान दिल्लीहून वॉशिंग्टनला न थांबता गेले. पूर्वी इंधनासाठी वाटेत जर्मनीत उतरावे लागे. एक थांबा कमी म्हणजे परक्या हातांचा एक संच कमी. काई ताकच्या त्या सव्वा तासाचे स्मरण ठेवणाऱ्यास ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही. प्रवासी कंपनीच्या वेळापत्रकाची ओढाताणही थांबली.

जे गेले ते हिशेबाच्या बाजूचे. भाड्याचे विमान असे तोवर कोणीतरी कोणालातरी बिल पाठवीत असे. ते थकले तरी कागद उरे, आणि नागरिकास तो मागता येई. पंतप्रधानांच्या कार्यालयाने दौऱ्यांचा जो तक्ता प्रसिद्ध केला त्यात भाड्याच्या विमानाने झालेल्या दौऱ्यापुढे कोटींची रक्कम दिसते. शेजारच्या देशांत हवाई दलाच्या लहान बोइंगने केलेल्या दौऱ्यापुढे रकमेच्या जागी विमानाचे नाव येते. त्याचा खर्च संरक्षण खात्याच्या मोठ्या गाठोड्यात बांधला जातो. मे २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळातील अडतीस दौऱ्यांचा खर्च राज्यसभेस २०२५ च्या मार्चमध्ये कळविण्यात आला, तो सुमारे २५८ कोटींचा. निवास, भारतीय समुदायाच्या स्वागताचे कार्यक्रम, वाहतूक आणि किरकोळ अशी त्याची विभागणी आहे; विमानाच्या देखभालीचा स्वतंत्र रकाना त्यात नाही.